सभामंडपातली पावती

पिंपरी पेंढार,
सोमवार, दि. १७ फेब्रुवारी २०२५,
सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे.

ती. स्व. संपतमामांस,
गोरखचा शि. सा. न. वि. वि.

गावच्या टाकीचा व्हॉल्व्ह सोडून टाकीखालच्या ओट्यावर बसून लिहीत आहे. वरच्या आळीचे पाणी भरून होईपर्यंत पन्नास मिनिटे जातात. तेवढा वेळ ग्रामपंचायतीच्या शिपायाला दुसरे काम नसते. तुम्हांला काय लिहायचे ते काल दुपारपासून मनात जुळवतो आहे. आईने सकाळी चहा पुढे ठेवला आणि एवढेच म्हणाली की, माझा दादा काल न जेवताच गेला.

काल देवळाच्या सभामंडपात कोण काय बोलले ते तुम्हांला ऐकू आले नसणार. सगळे एकदम बोलत होते आणि तुम्ही पाठ फिरवली होती. म्हणून क्रमाने लिहितो, म्हणजे जे खरेच झाले त्यावरच रागावता येईल.

आपल्या आरतीच्या लग्नाच्या सुपारीसाठी डिंगोऱ्याची माणसे साडेअकराला आली. नवऱ्या मुलाचे, म्हणजे स्वराजचे, चुलते भैरवनाथ तुमच्यासमोर घोंगडीवर बसले. आपल्या दोन्ही भावक्यांत सुपारी फोडायच्या आधी वडीलधाऱ्यांनी विडीला विडी लावायची, एकाच्या विस्तवावर दुसऱ्याची पेटली की सोयरीक पक्की, हे मला माहीत नव्हते असे नाही. तेवढ्यापुरते तुम्ही दोघे बाहेर चिंचेखाली जाल असे मी धरून चाललो होतो. सकाळी तुम्हांला तसे सांगितलेही होते आणि तुम्ही मान हलवली होती. आता कळते की तुम्हांला ऐकूच आले नव्हते, आणि मी घाईत पुन्हा सांगितले नाही. ही चूक माझी.

तुम्ही विडी पेटवली. भैरवनाथ आपली विडी ओठांत धरून पुढे वाकले. तेवढ्यात मागून बहिरूने सगळ्यांना जाईल अशा आवाजात विचारले की, शिपाईसाहेब पुस्तक घरी विसरले काय. बहिरू पूर्वी पंचायतीत सदस्य होता. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव झाला की देऊळ, शाळा, दवाखाना आणि एस.टी.ची शेड इथे विडी-सिगारेट ओढली तर दोनशे रुपये दंड. कायदा आधीपासूनचाच आहे, गावाने पाळायचे आत्ता ठरवले. पावतीपुस्तक माझ्याकडे आले, आणि शेडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या बहिरूची पावती मी आठ तारखेला फाडली. तेव्हा तो म्हणाला होता की, राव, परक्याची कुणीबी फाडंल, घरच्याची फाड मग तुला मानतो.

मी पुढे येऊन पावती लिहिली. तुमचे नाव, गाव, रक्कम. शेजारीच देवळाच्या पत्र्याची वर्गणी चालू होती. तुम्हांला वाटले ही तीच पावती. तुम्ही पाचशेची नोट काढलीत आणि उभे राहून सांगितलेत की, लोणीच्या संपतकडून बिरोबाला पाचशे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग भैरवनाथांनी पावती हातात घेऊन मोठ्याने वाचली. त्यानंतर जे हसले त्यांत आपलीही माणसे होती. तुम्ही विडी फरशीवर चिरडून निघालात आणि भैरवनाथांची पेटायची राहून गेली.

तुम्ही गेल्यावर भैरवनाथ म्हणाले की, विडी अर्धी राहिली म्हणजे बोलीही अर्धी राहिली, पोरीचा मामा आल्याशिवाय सुपारीला हात लावायचा नाही. जेवून मात्र सगळे गेले. शेजारच्या गोजरबाई म्हणाल्या की, बहिणीच्या सुपारीत मामाला दंड करणारा भाऊ त्यांनी सत्तर वर्षांत पहिलाच पाहिला. आरती माझ्याशी बोलत नाही. ताट ठेवते आणि आत जाते.

पावती रद्द करता येत नाही, खाली कार्बन उमटलेला आहे. पाचशेतले दोनशे दंडात भरले आणि तीनशे तुमच्या नावाने पत्र्याच्या वर्गणीत दिले. ती पावती सोबत जोडली आहे. तुमच्या घरातला फोन श्रेयाचे वडील गाडीवर घेऊन जातात, आणि असले काही दुसऱ्याकरवी सांगवतही नाही. तुम्ही डिंगोऱ्याला जाऊन यावे एवढीच विनंती.

लोभ होता तेवढा ठेवावा. कमी करायचा असल्यास आधी कळवावे.

आपला भाचा,
गोरख


लोणी,
दि. २२ फेब्रुवारी

चि. गोरख यास,
संपतमामाचा आशीर्वाद. वि. वि.

(आजोबा सांगतात तसंच्या तसं लिहिते आहे. श्रेया.)

पत्र पोचलं. श्रेयानं दोनदा वाचलं, आन् मला ऐकू जावं म्हणून वरडून वाचलं. त्यामुळं शेजारच्या ठकूबाईलाबी आता समदं पाठ झालंय. माझी लाज तुमच्या गावात ऱ्हायली व्हती, ती तू पोस्टानं लोणीत आणलीस.

तू म्हणतूस सांगितलं व्हतं. आरं, मला सांगायचं तर कानापाशी यावं लागतं. तू दारातनं सायबासारखं सांगितलंस. मी मान हलवली ती तुला नवी कापडं शोभत्यात म्हणून.

आता तुझ्या कायद्याचं. मी विडी वढली ती चारी बाजूंनी उघड्या मंडपात. धूर गेला वर. तुमच्याकडं उसाचं पाचट पेटवत्यात तवा दोन-दोन दिस समोरचा मानूस दिसत नाय, त्याची पावती कोण फाडतं? हळदीला तो डीजे लावत्यात, म्हातारी मानसं छाती धरून बसत्यात, त्याची कोण फाडतं? तुमाला गरिबाची विडी तेवढी घावली. टपरीवर विकायला चालती, सरकारला तिचा कर चालतो, आन् मानूस वढाय लागला की गुन्हा. हे मला कुनीतरी समजावून सांगा.

माझी बावीस वर्सं मेंढरामागं गेली. रानात वळखीचा मानूस भेटला तर मी त्याला काय देऊ? घर नाय, चा नाय. खिशात विडी. ती दिली की मानूस खाली बसतो, बसला की बोलतो. कुणाच्या वावरात मेंढरं बसवायची, कुणाची पोर कुणाला द्यायची, समदं त्या एका विस्तवावर ठरलंय. तुझ्या आयची सोयरीक मी तुझ्या आज्याच्या विडीला विडी लावूनच केली. तवा पावती असती तर तू जलमाला आला नसतास.

मी डिंगोऱ्याला जानार नाय. लग्नालाबी येनार नाय. आरतीच्या पाठीशी मामा पायजेच आसंल तर बहिरूला हुबा कर, तुझा लई जवळचा दिसतोय.

(गोरखकाका, हे सांगताना त्यांनी दोनदा विडी पेटवली आणि दोनदा विझवली. हे त्यांनी लिहायला सांगितलेलं नाही.)

एक इचारतो. मी निघालो तवा निर्मी माझ्यामागं देवळाच्या दारापतुर आली आन् पायरीवर बसली. छातीला हात. मला वाटलं रडती. नंतर एस.टी.त ध्यानात आलं की रडत नव्हती, वारा शोधत व्हती. मेंढरू आसं करतं तवा मला लांबून कळतं. माझी भन हाय ती. काय हाय ते लिही. खोटं लिहू नको, तुझं खोटं कागदावरबी दिसतं.

माया हाय, ती दोनशे रुपयानं जात नाय. पर सध्या लांबनंच घे.

संपतमामा


पिंपरी पेंढार,
शुक्रवार, दि. २८ फेब्रुवारी,
सकाळी सहा वाजून पंचावन्न मिनिटे, टाकीखाली.

ती. स्व. संपतमामांस,
शि. सा. न. वि. वि.

आईने शपथ घातली होती की दादाला कळवायचे नाही. तुम्ही सरळ विचारलेत, म्हणून मोडतो. तिला सांगू नये.

दिवाळीनंतर तिला टाकीपासून घरापर्यंत येताना थांबावे लागू लागले. ती म्हणायची गुडघे दुखतात. डिसेंबरात मी तिला नारायणगावला नेले. तिथे एका नळीत जोराने फुंकायला लावतात. तिने तीनदा फुंकले आणि तिन्ही वेळा डॉक्टरांनी मान हलवली. मग त्यांनी विचारले की, बाई, दिवसाला किती विड्या आणि किती वर्षे. आई हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली. मी सांगितले की, तिने आयुष्यात विडी ओढलेली नाही. डॉक्टरांनी लिहिलेले खोडले आणि विचारले की, मग ही दिवसभर बसते कुठे.

आण्णा गेल्यापासून अठरा वर्षे ती एस.टी.च्या शेडला लागून चहाची टपरी चालवते, हे तुम्हांला माहीतच आहे. शेडला तीन भिंती आणि पत्रा. थंडीपावसात सगळी गिऱ्हाईके आत उभी राहून ओढतात आणि तो धूर तिच्या स्टोव्हवरून बाहेर जातो. विड्याही तिच्याकडूनच घेतात. पेटवायला काडी तीच देते. डॉक्टर म्हणाले की, फुप्फुसाचा जो भाग गेला तो परत येत नाही, उरलेला राखायचा असेल तर धुरापासून लांब बसवा. मी विचारले की, टपरी बंद करू का. ते म्हणाले की, ते तुम्ही ठरवा.

टपरी बंद केली तर ती घरात बसेल, आणि घरात बसली तर ती आजारी आहे हे आरतीच्या सासरच्यांना कळेल, असे तिचे म्हणणे. म्हणून मी ग्रामसभेत विषय मांडला. आईचे नाव काढले नाही. शाळेच्या पोरांचे कारण दिले. पुरुषांतले फक्त सातजण हात वर करून होते. बाकी सगळे हात बायकांचे, आणि त्या कधी नव्हे त्या साठाच्या वर आल्या होत्या. आईने हात वर केला नाही. गिऱ्हाईके बघत होती.

पाचटाच्या धुराचे तुम्ही लिहिलेत ते खरे आहे. एवढेच सांगतो की पाचट वर्षातून दोन दिवस जळते आणि ती शेड वर्षभर. सोळा तारखेला तुम्हांला सोडले असते तर दुसऱ्या दिवशी बहिरू शेडमध्ये बसून ओढणार होता, आणि त्याच्यामागे सगळे. मग पुस्तकाला अर्थ उरला नसता. तरी तुमचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. व्हॉल्व्ह परवा उलटा फिरवला, खालच्या आळीला पाणीच गेले नाही.

काल डिंगोऱ्याहून निरोप आला. भैरवनाथांनी सांगितले आहे की होळीच्या आत मामाने येऊन विडी पुरी करावी, नाहीतर ते ओतूरचे दुसरे स्थळ बघतील. स्वराजने आरतीला फोन करून सांगितले की, त्याला दुसरे स्थळ नको आहे, पण चुलत्यापुढे त्याच्या घरात कोणी बोलत नाही. आरती फोन ठेवून टपरीमागे जाऊन बसली. आई मला म्हणाली की, दादाच्या पाया पड, मी म्हणते म्हणून. होळी तेरा मार्चला आहे.

तुम्ही देवळात ओढू नका एवढेच मी मागतो. बाकी तुम्ही म्हणाल ते.

रागावलात तरी पत्र पाठवत जावे. त्याने निदान कळते की रागावला आहात.

गोरख


लोणी,
दि. ९ मार्च

चि. गोरख यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र श्रेयानं हळू आवाजात वाचलं. मला ऐकू गेलं नाय, म्हणून मग चष्मा लावून मीच वाचलं. एक पान वाचाय सकाळ गेली.

निर्मी सहा वर्सांची आसंल. मी घोंगडीवर पडून सांगायचो की, निर्मे, विडी लावून आन. ती चुलीत धरायची. वाटंत इझू नये म्हणून दोन झुरकं वढायची आन् खोकत खोकत यायची. मी हसायचो. आमची आयबी हसायची. समद्याच घरात पोरं आसंच करायची, कुनाला वंगाळ वाटलं नाय. चार वर्सं ती माझ्या विड्या लावत व्हती. डॉक्टरनं किती विड्या इचारल्यावर ती हसली म्हणतूस. का हसली ते तुला कळलं नाय. मला कळलं.

(इथे आजोबा उठून गोठ्यात गेले. अर्ध्या तासाने आले.)

काल डिंगोऱ्याला जाऊन आलो. तीन एस.टी. बदलल्या. श्रेयाला संगं नेलं, तिनं वही नेली, जे कुनी बोलंल ते ती लिहून मला दावायची. भैरवनाथ वसरीवर बसला व्हता. मला बघून लगीच विड्यांचा कट्टा काढला आन् एक विडी माझ्या हातात दिली, एक सोताच्या. मी म्हणलं, घेतली, पर पेटवनार नाय. तो हसला. वहीत उतरलं की, पावन्याला पावतीची लई धास्ती दिसती. मी म्हणलं, पावती हिथं कोण फाडतंय, तुझं घर हाय. माझ्या भनीला धूर सोसत नाय, तिच्या पोरीचं मी धुरावर ठरवनार नाय. तो म्हणला, आमच्या चार पिढ्यांत विस्तवाबिगर सोयरीक झाली नाय, तुमची भन आजारी हाय हे आमाला आज कळतंय, आजून काय काय झाकलंय?

मला वाटलं आता मोडलं. गोरख, मी कुणाफुडं हात जोडलं नव्हतं, काल जोडलं. म्हणलं, झाकलं आसंल तर ते माझंच पाप हाय, पोरीचं नाय.

तवर आतनं भैरवनाथची बायको साळुबाई आली. हात पिठानं भरल्यालं. तिनं माझ्या हातातली विडी घेतली, नवऱ्याच्या हातातली घेतली, आन् आत जाऊन दोन्ही चुलीत टाकल्या. मग उंबऱ्यात हुबी ऱ्हाऊन बोलली. श्रेयानं भराभरा लिहिलं ते आसं की, घ्या, दोन्ही एकाच विस्तवात गेल्या, आता पक्की म्हणा. नायतर भाकरी थापायला तुमीच या आत. मी तीस वर्सं हिथं दोन धूर खातीया, एक चुलीचा, एक तुमचा. चुलीचा निदान भाकरी तरी देतो.

भैरवनाथनं आपल्या रिकाम्या हाताकडं बघितलं. मग खाली बघून हसला आन् म्हणला, फोडा सुपारी. पायरीवर दगडानं फोडली. लगीन २० एप्रिल, रविवार, तुमच्याच गावात. स्वराज मागच्या दारात हुबा व्हता, त्यानं दगड घाईनं आनून दिला. पोरगं बरं हाय.

तुझ्या बंदीचं मला आजूनबी पुरं पटलं नाय. उघड्या माळावर एकटा मानूस वढत आसंल तर त्यात गावाचं काय जातं? पर शेडचं पटलं. यताना ओतूरच्या स्टँडवर तलफ आली तर रस्ता वलांडून पलीकडच्या बांधावर जाऊन वढली. श्रेया मोजाय लागलीया. तू एकच बास व्हतास.

निर्मीला सांगू नको की मला कळलंय. मी आल्यावर बघतो.

तुमचं समद्यांचं बरं चालावं. मी हायच.

संपतमामा


पिंपरी पेंढार,
बुधवार, दि. २३ एप्रिल,
सकाळी सहा वाजून तीस मिनिटे.

ती. स्व. संपतमामांस,
गोरखचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सोमवारी सुखरूप पोहोचल्याचे श्रेयाच्या वडिलांनी कळवले. आरती काल डिंगोऱ्याहून फोनवर माझ्याशी सतरा मिनिटे बोलली. त्यातली दहा साळुबाईंच्या भाकरीवर. फोन ठेवताना तिने दादा म्हटले.

लग्नाच्या दिवशी जे मी पाहिले आणि बोललो नाही ते लिहितो. देवळाला एकतीस पायऱ्या आहेत. वरात वर निघाली तेव्हा आई अकराव्या पायरीशी थांबली. लोक मागून येत होते आणि तिच्या तोंडाचा रंग गेला होता. तुम्ही तिच्या शेजारी होता. तुम्ही लगेच फेटा सोडलात आणि ताशेवाल्यावर ओरडलात की, मामाचा फेटा नीट झाल्याशिवाय कोण पुढे जातंय. अख्खी वरात थांबली. आईला दम मिळेपर्यंत तुम्ही फेटा बांधत होता. एकोणिसाव्या पायरीला चप्पल हरवल्याची ओरड केलीत. सव्विसाव्याला ताशेवाल्यालाच नाचायला लावलेत. भैरवनाथ हसून म्हणाले की, म्हाताऱ्याला लग्न चढलंय. बहिरूसुद्धा हसला. आई थकली असे कोणाला कळले नाही. वर पोहोचल्यावर ती मला म्हणाली की, दादाने आज सगळी वरात खोळंबवली. तिलाही कळले नाही, की कळून तसे म्हणाली, हे मला ठरवता येत नाही.

आईने टपरीवर विड्या ठेवणे सोमवारपासून बंद केले. मी सांगितले नव्हते. दोन दिवसांतच गिऱ्हाईक निम्म्यावर आले आहे. बाकीचे पलीकडच्या टपरीवर जातात आणि शाळेच्या भिंतीमागे उभे राहून ओढतात. म्हणजे धूर गेला नाही, थोडा सरकला. बरोबर केले की चूक, हे रोज व्हॉल्व्ह फिरवताना मनात येते. शेडमध्ये मात्र आता बायका पोरांना घेऊन बसतात. काल चारजणी बसल्या होत्या, मी मोजल्या.

तुम्ही निघताना आईच्या पिशवीत रुमाल बांधून ठेवलात तो तिला संध्याकाळी सापडला. श्रेयाने सांगितले की तुम्ही दोन मेंढे विकलेत. आई तासभर रुमाल हातात धरून बसली होती, मग तिने तो माझ्याकडे दिला. त्याचा आजपर्यंतचा हिशेब देतो.

रुमालात मिळाले : १२,००० रु.
नारायणगावचे डॉक्टर, तपासणीसह : १,१०० रु.
ओढायच्या औषधाचे पंप, दोन : ९४० रु.
गोळ्या : ३८५ रु.
जाण्यायेण्याचे भाडे, दोघांचे : १६० रु.
एकूण खर्च : २,५८५ रु.
शिल्लक : ९,४१५ रु.
संपतमामांचे देणे : १२,००० रु.

आई म्हणते की भावाने दिलेले देण्यात लिहीत नाहीत. मी लिहून ठेवले आहे. खोडायचे असेल तर तुम्ही स्वतः येऊन खोडावे, आणि दर महिन्याला यावे, कारण मी दर महिन्याला पुन्हा लिहिणार आहे.

गोरख